हॉटेलांतील उतारूचा एकांत

परगांवीं उतरणारा मनुष्य हॉटेलच्या खोलींत पाऊल टाकतांच कडी-कुलूप चांचपून पाहतो. यांत गैर कांहीं नाहीं. तथापि त्याची खरी राखण कुलपापेक्षां खालीं नोंदवही घेऊन बसलेल्या कारकुनाच्या जिभेवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं २००८ सालीं घडलेला प्रकार या दृष्टीनें बोलका आहे. क्रीडावृत्तें सांगणारी एक प्रसिद्ध स्त्री तेथील एका हॉटेलांत उतरली होती. तिच्या पाळतीवर असलेल्या इसमानें ती तेथेंच असल्याची खात्री करून घेतली, तिच्या शेजारची खोली मागितली, आणि ती त्याला मिळालीहि! तिला कोणीं एका शब्दानें विचारलें नाहीं. कुलूप फोडण्याची त्याला गरजच पडली नाहीं. दारांतून बाहेर पाहण्याचें जें भिंग असतें, त्यांत खटपट करून त्यानें बाहेरून आंतलें चित्रण केलें, आणि पुढें तें जगभर पसरलें. २०१६ सालीं ज्यूरीनें तिला साडेपांच कोटि डॉलरांची भरपाई ठरविली. त्यांत दोषाचा वांटा त्या इसमाकडे शेंकडा ५१, आणि हॉटेल चालविणाऱ्यांकडे शेंकडा ४९!

नोंदवहीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोण आलें-गेलें याची नोंद सरकारला तपासासाठीं हवी असते, आणि तें अवास्तव नव्हे. परंतु ती वही कोणीं व केव्हां उघडावी? लॉस एंजेलिस शहराच्या नियमानें पोलिसांनीं मागतांक्षणीं ती दाखविणें भाग होतें. नकार देणारा शिक्षेस पात्र. पटेल आडनांवाच्या हॉटेलवाल्यांनीं याविरुद्ध दाद मागितली, आणि २०१५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो नियम अवैध ठरविला. शिक्षेपूर्वीं तटस्थ अधिकाऱ्यापुढें म्हणणें मांडण्याची संधि हवी, असा निकालाचा आशय. मात्र हा हक्क मिळाला तो वहीच्या मालकाला. ज्याचें नांव वहींत आहे त्या उतारूला नव्हे.

भारतांत नांवाबरोबर ओळखपत्राची प्रतहि बहुधा हॉटेलच्या दप्तरीं राहते. आधारपत्राचे शेवटचे चार अंकच दिसतील अशी झांकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढतां येते; ती जवळ बाळगावी. खोलीचा क्रमांक कारकुनानें चारचौघांत मोठ्यानें उच्चारल्यास एकट्या प्रवाशानें, विशेषतः स्त्रीनें, दुसरी खोली मागण्यास संकोचूं नये. दारांतील भिंगाला आंतून कागदाचा बोळा लावावा. न बोलावतां कोणीं हॉटेलचा नोकर म्हणून दार ठोठावलें, तर कडी न काढतां खालीं फोन करून त्याला कोणीं पाठविलें हें विचारावें.