आजारी बाईला दंड कशाचा?

(प्रभागसंघाच्या नोव्हेंबर 2021 च्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज मी तुमच्याशी चर्चबद्दल बोलणार आहे. बचत गटाच्या सभेत चर्च कुठून आलं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर जरा धीर धरा. शेवटी मी आपल्या दंडाच्या नियमावरच येणार आहे.

चर्चमधली रविवारची उपासना डोळ्यांसमोर आणा. दहा-वीस घरांतली माणसं एका खोलीत तास-दोन तास बसतात. एकत्र गातात. दानाची थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आता आपली बैठक बघा. दहा-बारा घरांतल्या बाया, एक खोली, मोठ्यानं बोलणं, बचतीचे पैसे हातोहात, सहीला एकच पेन आणि अंगठ्याला एकच शाईचं पॅड. फरक फारसा नाही. म्हणून साथीच्या काळात चर्चमध्ये काय चुकलं आणि त्यांनी काय सुधारलं, हे आपल्या कामाचं आहे.

आधी चुकलं ते सांगते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे. तिथं गाणाऱ्यांचा एक समूह चर्चच्या हॉलमध्ये सराव करायचा. 10 मार्च 2020 ला 61 जण जमले. कोरोनाचं नाव ऐकलेलं होतं, म्हणून दारात सॅनिटायझर ठेवला होता. कुणी हात मिळवले नाहीत, गळाभेट घेतली नाही. अडीच तास गाणं झालं. पण त्यातल्या एका व्यक्तीला तीन दिवसांपासून सर्दीसारखा त्रास होता. साधी सर्दी असेल, असंच वाटलं असणार. पुढच्या काही दिवसांत आणखी 52 जण आजारी पडले. त्यातल्या 32 जणांचा आजार तपासणीत पक्का झाला, बाकी 20 जणांना तशीच लक्षणं होती. दोन माणसं दगावली.

बघा, हात स्वच्छ होते. पण हवा एकच होती. आपण गातो किंवा मोठ्यानं बोलतो तेव्हा तोंडातून बारीक थेंब उडतात. त्यातले अगदी बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. सॅनिटायझर हाताला लावता येतो, हवेला नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यातल्या एका चर्चमध्येही असंच झालं. 6 ते 11 मार्च या दिवसांत तिथं 92 माणसं येऊन गेली. त्यातल्या 35 जणांना कोरोना झाला, तिघं गेली. आजार तिथंच थांबला नाही. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्या गावातल्या आणखी 26 जणांना लागण झाली आणि त्यातलं एक माणूस गेलं. ते 26 जण त्या कार्यक्रमांना गेलेही नव्हते. आपल्या बैठकीचंही तसंच आहे. बैठकीला एक बाई येते, पण तिच्यामागं घरात सासू असते, लेकरं असतात.

आता सुधारलं ते सांगते. आपल्याकडं मार्च 2020 मध्ये देवळं, मशिदी, चर्च सगळंच बंद झालं. महाराष्ट्रात ती 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि यंदा 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला परत उघडली. प्रार्थनास्थळांसाठी केंद्र सरकारचे नियम जून 2020 मध्येच आले होते. सहा फूट अंतर, तोंडाला मास्क, बसायला आपापलं आसन. प्रसाद वाटायचा नाही, तीर्थ किंवा पवित्र पाणी शिंपडायचं नाही. समूहानं गायचं नाही, हवं तर रेकॉर्ड केलेली गाणी लावायची. 65 वर्षांवरचे, जुने आजार असलेले, गरोदर बाया आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरीच थांबावं, असा सल्ला होता.

नियम कागदावर सोपे असतात. पण पिढ्यान्‌पिढ्यांची रीत बदलायची म्हणजे काय, ते विचार करा. कॅथलिक चर्चमध्ये फादर पवित्र भाकर भाविकांच्या जिभेवर ठेवत, ती आता हातावर देऊ लागले. दारातली पवित्र पाण्याची भांडी रिकामी केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं ऐका. रविवारच्या मिस्सेला जाणं हे कॅथलिकांमध्ये बंधनकारक कर्तव्य आहे. साथीत अनेक ठिकाणच्या बिशपांनी लोकांना त्या कर्तव्यातून मोकळं केलं. घरी थांबलात तर तुमच्याकडून काही चुकलं असं नाही, असं उघडपणे सांगितलं. मला हा नियम सगळ्यांत मोलाचा वाटतो.

मागच्या महिन्यात आपल्याच भागातल्या एका गावच्या मंडळीत मी रविवारी जाऊन आले. बाकं एकाआड एक मोकळी होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, अर्धी माणसं बाहेर लिंबाखाली सतरंज्या टाकून बसलेली. दानाची थैली फिरत नव्हती, दारात पेटी होती. शेजारी वही होती. कोण आलं, फोन नंबर काय, हे एकच मुलगी लिहून घेत होती, म्हणजे उद्या कुणाला लागण झालीच तर बाकीच्यांना कळवता येईल. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ज्यांना ताप-खोकला आहे त्यांनी घरी जावं. प्रार्थना घरीही ऐकू येते."

उपासना झाल्यावर मी एका आजींना त्यांच्या घरी भेटले. वय सत्तरीच्या पुढं. त्या म्हणाल्या, "घरी बसा म्हणाले तेव्हा लई वाईट वाटलं गं. वाटलं, आता आपण नकोसे झालो." मग मंडळीतल्या बायांनी घरं वाटून घेतली. दर रविवारी एक मुलगी आजींना फोन करते, आज काय वाचलं ते सांगते, औषधं संपली का विचारते. आजींकडं साधाच फोन आहे. व्हिडिओवरची उपासना त्यांना दिसत नाही, पण फोनची वाट त्या सकाळपासून बघतात.

आता आपल्या दंडाकडं येते.

यंदा मार्चमध्ये आपल्या एका गटाची बैठक होती. बाहेर ऊन, म्हणून खोलीत बसलो. एक काकू तापानं फणफणलेल्या आल्या. मी विचारलं, घरी का नाही थांबलात? म्हणाल्या, "गैरहजेरीचे दहा रुपये कोण भरणार? आणि आज माझ्या कर्जाचा अर्ज आहे, नाव मागं पडेल." मी काय केलं माहितीये? त्यांना कडेला बसवलं आणि बैठक चालू ठेवली. कारण शंभर टक्के हजेरी मलाही हवी होती. त्या आठवड्यात गटातल्या चार बाया आजारी पडल्या. एकीची सासू गेली. आजार त्या बैठकीतूनच गेला असं मी सांगू शकत नाही. पण गेला नाही, असंही मला म्हणता येत नाही. काकूंची चूक नव्हती. नियम आपला होता आणि तो पाळायला लावणारी मी होते.

दशसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठक आहे, हे तुम्हाला पाठ आहे. सहावं सूत्रही आठवा. आरोग्याची नियमित काळजी. पहिल्यासाठी सहावं मोडायचं नसतं.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं ठराव वहीत एवढं लिहावं, ही माझी विनंती आहे.

1. ताप, सर्दी, खोकला असलेल्या सभासदानं अध्यक्ष किंवा सचिवाला निरोप दिला तर दंड नाही. वहीत 'आजारी रजा' लिहायचं.

2. आजारी सभासदाचा कर्जाचा अर्ज मागं पडणार नाही. तिचं म्हणणं फोनवर ऐकून घ्यायचं.

3. तिची बचत आणि हप्ता घरच्या निरोग्या माणसाच्या हाती पाकिटातून यावा. पासबुकात नोंद त्याच दिवशी व्हावी.

4. बैठक झाडाखाली, ओट्यावर किंवा दारं-खिडक्या उघडून घ्यायची. मास्क हवाच. बोलणं आटोपशीर ठेवायचं. प्रत्येकीनं आपलं पेन आणावं, अंगठ्यानंतर हात साबणानं धुवावा.

5. जी आली नाही तिला त्याच संध्याकाळी फोन करायचा. कुणी कुणाला करायचा, ते आधीच ठरवायचं. फोन नसेल तर अंगणातून हाक मारायची.

लसीचा दुसरा डोस कुणाचा राहिला असेल तर तेही याच बैठकीत विचारा आणि आशाताईंना कळवा.

नाताळ जवळ आलाय, लग्नसराईही आहे. माणसं जमणार, जमायलाच हवं. पण जिला बरं नाही तिला न येण्याची मोकळीक द्या. हजेरी कमी भरली तर वर उत्तर मी देईन. पहिल्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव नियमानं लावता येणार नाही, नाहीतर आज इथंच लावलं असतं. तुमच्यापैकी कुणीतरी लावा.