पहिली निवड आणि तिसरी तुकडी

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी २८ वर्षं खो-खो शिकवला. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगसाठी सहा संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा इथल्या मैदानांवर एकच विषय होता : कोण ‘अ’ गटात गेला आणि कोण ‘ड’ मध्ये? ‘अ’ गटाला पाच लाख, ‘ब’ला तीन, ‘क’ला दीड, ‘ड’ला एक. ज्या खेळात प्रवासखर्च मिळाला तरी पोरं खूश असायची, त्यात हे आकडे! आनंद झालाच. पण पाच लाखांचा गडी लाखाच्या गड्यापेक्षा पाचपट चांगला असतो का, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

अमेरिकेत हाच प्रश्न कोट्यवधी डॉलरचा आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये (तो अंडाकृती चेंडूचा, आपला नव्हे) आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी याचा हिशेब मांडला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर निवडलेले खेळाडू सरासरीने सरसच निघतात, पण किंमत जितकी चढते तितका खेळ चढत नाही, असं त्यांना दिसलं. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोघे घेतले, तर आधीचा सरस ठरण्याची शक्यता शंभरात ५२. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच की! टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९वा निवडला गेला आणि पुढे सात वेळा विजेता ठरला.

आपल्या खेळात तर संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते. पहिली कितीही टिकली, तरी मागच्या पटापट बाद झाल्या की सामना गेला. इथे मी स्वतः चुकलोय. एका वर्षी एका चपळ पोराभोवती सगळा संघ बांधला. नवे बूट त्याला, सरावाचा वेळही त्यालाच. जिल्हा स्पर्धेत तो जीव तोडून पळाला. तिसरी तुकडी मात्र मिनिटभरात कापली गेली. परतीच्या एसटीत त्या तुकडीतला एक जण म्हणाला, “सर, आम्हाला दुहेरी साखळी कुणी शिकवलीच नाही.” मी खिडकीबाहेर बघत बसलो.

लीगचा पहिला अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा जिंकला. सूरज लांडेने अखेरीस आकाशीय सूर मारून गडी टिपला. त्या एका गुणात ‘अ’ गटाचा वाटा किती आणि ‘ड’चा किती, सांगा पाहू!

एक गोष्ट मात्र बोचते. लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. आपल्या जिल्ह्याचं नाव तर मुलींनी काढलं. सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात आपली अश्विनी शिंदे होती. त्या दोन हंगामांत यांना ना ‘अ’ गट, ना ‘ड’.

अजून पालक घरी येतात. “सर, पोरगं ‘अ’ गटात जाईल का?” मी म्हणतो, आधी त्याला तिसऱ्या तुकडीत पळू द्या. आणि धाकटी पोरगी कुठंय? तिलाही उद्या मैदानावर घेऊन या.