कामगाराचा कागद : किती जपावा, केव्हा मोडावा?



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. कामावर ठेवलेल्या माणसांची कागदपत्रं मालकानं किती दिवस सांभाळावीत आणि केव्हा नष्ट करावीत, हा तो विषय. आपण म्हणाल, हा तर कचेरीतल्या कारकुनाचा प्रश्न. आमचा शेतकऱ्याचा, मजुराचा, मास्तरांचा याच्याशी काय संबंध? पण मारेगावच्या बाजारपेठेत जरा नजर फिरवा. जिनिंगमध्ये हंगामी गडी आहेत, दुकानात दिवाणजी आहेत, रस्त्याच्या कामावर ठेकेदाराचे मजूर आहेत, आश्रमशाळेत शिक्षक आणि स्वयंपाकी आहेत. पलीकडे वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. या साऱ्यांच्या नावाचा एखादा तरी कागद कुठल्या तरी कपाटात पडून आहे. त्या कागदावर कुणाचं निवृत्तिवेतन अवलंबून आहे, तर कुणाची थकलेली मजुरी.

मग तो किती दिवस ठेवायचा? याला एक साधं सूत्र आहे. ज्या हक्काचा पुरावा म्हणून तो कागद आहे, तो हक्क जिवंत असेपर्यंत कागद जिवंत ठेवायचा. हक्क संपला, की कागदाचं काम संपलं. हे सूत्र ध्यानात ठेवलं म्हणजे बाकीचं आपोआप उलगडतं.

पहिला गठ्ठा मजुरीच्या कागदांचा. हजेरीपट म्हणजे आपलं मस्टर, पगारपत्रक, जादा कामाची नोंद, कपातीची नोंद. 1936 सालच्या वेतन कायद्यानं मालकाला सांगितलं होतं, की ही रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जपा. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता अमलात आली आहे. तिच्यात थकलेल्या मजुरीसाठी अर्ज करायला मजुराला तीन वर्षांची मुदत आहे. आणखी एक गोष्ट मालकांनी कान देऊन ऐकावी. मजुरानं ‘पैसे मिळाले नाहीत’ अशी तक्रार केली, तर ‘दिले’ हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणजे ज्यानं मस्टर फाडून टाकलं, त्यानं स्वतःची ढाल मोडून टाकली. कागद जपणं हे मजुरावर उपकार नव्हेत. त्यात मालकाचंही रक्षण आहे.

दुसरा गठ्ठा नोकरीच्या मुदतीचा. माणूस कोणत्या तारखेला लागला, त्याची जन्मतारीख काय, तो मध्ये किती दिवस गैरहजर होता आणि सुटताना त्याचा पगार किती होता. इथं तीन वर्षांचा हिशेब पुरत नाही. उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते 1972 च्या कायद्यानं सुरू झालं. पाच वर्षं सलग नोकरी झाली, की दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, असा त्याचा हिशेब. वीस वर्षं नोकरी केलेल्याचा रुजू झाल्याचा कागदच हरवला, तर वीस वर्षं कशावरून मोजायची? कर्मचारी पेन्शन योजना 1995 सालापासून आहे. तिच्यात दहा वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पंचविशीत लागलेल्या पोराचा कागद तेहतीस वर्षांनी कामी येणार! म्हणून मस्टरं काही वर्षांनी गेली तरी चालतील, पण जाण्याआधी प्रत्येक माणसाच्या नोकरीचा गोषवारा एका पानावर उतरवून ठेवा. ते पान मात्र जन्मभराचं.

रोजंदारी मजुराचं दुखणं याहून मोठं आहे. त्याला नेमणुकीचं पत्र नसतं, पगाराची चिठ्ठी नसते. आपल्या महाराष्ट्रात 1967 साली कालेलकर करार झाला. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या रोजंदारी कामगारांना सलग पाच वर्षांच्या कामानंतर नियमित आस्थापनेवर घेण्याची वाट त्यानं मोकळी केली. पण पाच वर्षं भरली हे सांगणार कोण? मस्टर!

सर्वोच्च न्यायालयात 2005 साली कर्नाटकातल्या एका रोजंदारी मजुराचा खटला निघाला. वर्षात 240 दिवस काम केल्याचं मजुरानं दाखवायचं असतं. खात्यानं मस्टरं पूर्ण हजर केली नाहीत. पण मजुराजवळ एक चिठोरं होतं. त्याच्या जुन्या इंजिनिअर साहेबानं, हा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामावर होता, असं लिहून दिलेलं. न्यायालयानं तो दाखला मानला आणि निकाल मजुराच्या बाजूनं गेला. विचार करा, खात्याची कपाटंच्या कपाटं एका बाजूला आणि मजुरानं पेटीत जपलेला एक कागद दुसऱ्या बाजूला!

तिसरा गठ्ठा प्रकृतीच्या कागदांचा. हा सर्वांत जास्त दिवस जपायचा. कारण धुळीचे आजार आज शिरतात आणि वीस-तीस वर्षांनी उठतात. माणूस तोवर काम सोडून गावी आलेला असतो. खोकला लागतो, दम लागतो, लोक म्हणतात वय झालं. 1995 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आज्ञा केली : प्रत्येक कामगाराची प्रकृतीची नोंद, तो कामावर लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोपर्यंत ठेवा. हा आकडा न्यायालयानं हवेतून काढला नाही. आजार जितका लपून बसतो, तितका कागद टिकला पाहिजे, हा त्यातला विचार आहे. खाण असो, चुन्याची भट्टी असो की दगडाचा क्रशर असो, जिथं धूळ आहे तिथं हा विचार लागू पडतो.

आणि शेतात? 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं पंप घेतलेले लोकही होते. अशा मजुराची नोंद कुठं असते? बहुधा कुठंच नाही. शेतकरी बंधूंनो, तुम्ही एक गडी लावलात तरी तुम्ही मालक झालात. एका वहीत लिहून ठेवा : कोण आला, कोणत्या दिवशी आला, कोणतं औषध फवारलं, किती मजुरी दिली. औषधाचं बिलही त्याच वहीत टाचा. उद्या डॉक्टरांनी ‘कोणतं विष?’ म्हणून विचारलं, तर त्या वहीनं जीव वाचू शकेल.

आता दुसरी बाजू. सगळंच जन्मभर ठेवावं काय? नाही. कपाट म्हणजे काही तिजोरी नव्हे. ज्या उमेदवाराला नोकरी दिलीच नाही, त्याचा अर्ज, त्याच्या आधार कार्डाची प्रत, जातीचा दाखला हे वर्षानुवर्षं ठेवून मालकाला काय करायचं आहे? कुणाच्या आजाराचा कागद, कुणाला पूर्वी दिलेली ताकीद, हे भलत्याच्या हाती पडलं तर माणसाची अब्रू जाते. 2023 साली झालेला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा हेच सांगतो, की काम संपल्यावर माहिती पुसून टाका. तो टप्प्याटप्प्यानं अमलात येत आहे.

पण पुसायचं म्हणजे रद्दीवाल्याला विकायचं नव्हे. किलोवर गेलेला कागद भज्यांच्या पुडीतून गावभर फिरतो. नष्ट करण्याची रीत अशी. आधी यादी करा. त्या माणसाचा दावा, चौकशी किंवा अपील चालू आहे काय ते पाहा. असेल तर बोट लावू नका. मग जबाबदार माणसाची लेखी संमती घ्या. दोघांच्या देखत कागद बारीक फाडा, भिजवून लगदा करा किंवा जाळा. काय नष्ट केलं आणि केव्हा, याची नोंद वहीत सह्यांनिशी करा. ती वही मात्र कधीच नष्ट करायची नाही. संगणकात प्रत असेल, तर तीही काढायला विसरू नका.

सरकारी कचेऱ्यांना तर यात मनमानीला जागाच नाही. दफ्तराचे रुमाल अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात; अ म्हणजे कायमचं. केंद्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा 1993 चा आहे. ठरलेल्या रीतीवाचून अभिलेख नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. महाराष्ट्रानंही 2005 साली आपला अभिलेख कायदा केला. वाळवी आणि गळकं छप्पर यांना मात्र कायदा कळत नाही. तेव्हा दफ्तर कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द वेगळे. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर हा गावातल्या प्रत्येक माणसाच्या नोकरीचा पहिला कागद आहे. तिथली जन्मतारीख पुढं सेवापुस्तकात जाते आणि तिच्यावरून निवृत्तीचा दिवस ठरतो. सरकारी नोकराला सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची, तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून आपलं सेवापुस्तक दर वर्षी मागून पाहा, नोंदी वाचा, मगच सही करा. आणि गावातला कुणी म्हातारा ‘गुरुजी, एवढा कागद वाचून द्या’ म्हणत आला, तर त्याला उद्या या म्हणू नका. कदाचित त्याची मुदत आजच संपत असेल.

मजूर बंधूंनो, मालकाच्या कपाटावर सारा भरवसा ठेवू नका. कामाच्या तारखा आपल्या वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या. काम सोडताना मालकाकडून किंवा मुकादमाकडून तारखांसह दाखला मागा. मागायला लाजू नका. घाम आपला आहे, त्याचा हिशेबही आपल्याजवळ असावा.