स्त्रीच्या नावाचा कागद
(अल रुवैस येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि त्यागमूर्ती माता रमाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आपल्यापुढे आमचे विचार मांडण्याची अनुज्ञा घेतो.

कतारच्या उत्तर टोकावरील अल रुवैस हे मूळचे मासेमारांचे गाव. 2015 साली येथील बंदर व्यापारी वाहतुकीसाठी खुले झाले. दोहा येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. आपली कुटुंबे येथे मोजकीच. काही रास लफ्फानच्या कामावर, काही अल खोरला. येथे आपले विहार नाही. ज्याच्या घरी शुक्रवारी जमावे ते घरच आपले विहार, तेच वाचनालय आणि तेच माहेर. अशा ठिकाणी समाज म्हणून जगायचे तर त्याचा भार कोण उचलतो, हे आज सकाळपासून आपण पाहत आहोत. भगिनी पहाटेपासून स्वयंपाकात आहेत. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र वक्ते सारे पुरुष आहेत आणि भगिनींच्या वाट्याला स्वागतगीत व आभारप्रदर्शन आले आहे. वक्त्यांच्या त्या यादीत आमचेही नाव आहे. म्हणून हा दोष आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सौ. सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया आल्या होत्या; त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या परिषदेने घटस्फोटाचा अधिकार मागितला, बहुपत्नीत्वाची चाल बंद व्हावी असा ठराव केला आणि गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेचा प्रश्न मांडला. समाजाची प्रगती किती झाली हे आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा विचार बाबासाहेबांनी तेथे मांडला. आज आपणापैकी बहुतेक भगिनी पदवीधर आहेत. तेव्हा त्या मापाने आपण स्वतःला मोजावे, एवढीच आमची विनंती आहे.

आता एक प्रसंग सांगतो. आम्ही व्यवसायाने डॉक्टर. आखाती देशातील आमच्या वास्तव्यात आपल्याच समाजातील एक बंधू आमच्याकडे येत असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, रक्तदाब वाढलेला, गोळ्या मात्र मनाला येईल तेव्हा घ्यायच्या. ‘काही होत नाही, डॉक्टर,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. एके दिवशी कामावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्यांची पत्नी एम.ए. झालेली, दोन मुले शाळेत. आम्ही सांत्वनासाठी गेलो तेव्हा त्या बाई रडत नव्हत्या. कपाटातील सगळी कागदपत्रे जमिनीवर पसरून बसल्या होत्या. पतीचे खाते कोणत्या बँकेत, विमा आहे की नाही, गावाकडच्या घराचे हप्ते किती राहिले, यांपैकी त्यांना काहीही माहीत नव्हते. त्यांचे येथील वास्तव्य पतीच्या प्रायोजकत्वावर, त्यामुळे तोही आधार गेला. पुढे कळले की सदनिकेच्या खरेदीखतावर पतीचे एकट्याचे नाव आहे आणि मुदत ठेवीवर नामनिर्देशन दिराचे आहे, लग्नापूर्वी केलेले, पुढे कोणी न बदललेले. त्या गृहस्थांचे पत्नीवर प्रेम नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. प्रत्येक जयंतीला ते पहिल्या रांगेत असत. परंतु प्रेम कागदावर उतरले नव्हते. स्वतःच्या हक्काचे मिळवण्यासाठी त्या बाईंना कित्येक वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

बंधूंनो, याच कागदासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिल रखडले, हे सप्टेंबर 1951 मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे त्या विधेयकाचे तुकडे होऊन 1955 चा विवाह कायदा आणि 1956 चा वारसा कायदा आला. नाव हिंदू असले तरी हे दोन्ही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. मृत्युपत्र न करता पुरुष निवर्तला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. महाराष्ट्राने 1994 साली आणि संपूर्ण देशाने 2005 साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. बँकेतील ठेवीवर ज्याचे नामनिर्देशन असते तो पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. पण हक्क असणे आणि तो हाती येणे यांत कधीकधी दहा वर्षांचे अंतर पडते. ते अंतर आज एका सहीने मिटवता येते.

भगिनींनो, आता आपल्याशी थोडे डॉक्टर म्हणून बोलतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. विमानात बसल्याने तो मागे राहत नाही. दम लागणे, पायांत गोळे येणे, सतत थकवा, यांना आपण ‘घरकामाचा शीण’ म्हणतो आणि सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेले खातो. येथे ऊन रणरणते, तरी बंद खोल्यांत दिवस गेल्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव वारंवार दिसते. कतारमध्ये 2016 पासून ‘स्क्रीन फॉर लाइफ’ या उपक्रमात 45 ते 69 वयाच्या स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, असे मुळीच समजू नका. ‘यांना सुट्टी मिळाली की जाऊ,’ या वाक्याने आम्ही रोग वाढताना पाहिले आहेत. स्वतःच्या देहाबद्दलचा निर्णय स्वतः घेणे ही सबलीकरणाची पहिली पायरी आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशातील अनेक भगिनी येथे परक्यांच्या घरी काम करतात. 2017 च्या घरकामगार कायद्याने त्यांना आठवड्याची पगारी सुट्टी दिली आणि कामाच्या तासांना दहाची मर्यादा घातली. मालकाने कामगाराच्या लेखी विनंतीवाचून पासपोर्ट अडवून ठेवणे 2015 च्या कायद्याने दंडनीय आहे. हे त्यांना कोण सांगणार? आपल्या आजी-पणज्यांनी परक्यांची अंगणे झाडली, याचा विसर पडलेली समृद्धी आपल्याला शोभणार नाही. अडचणीत भारतीय दूतावास आणि त्याच्या आश्रयाने 1984 पासून काम करणारे इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम यांची दारे आहेत. तेथवर त्यांचा हात धरून नेणे हे आपले काम.

म्हणून या मेळाव्यापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढील शुक्रवारी प्रत्येक घरात पती-पत्नीने कपाट उघडून बसावे. खाते, विमा, घर, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांची यादी करावी आणि तिची एक प्रत पत्नीपाशी ठेवावी. दुसरी, वर्षातून एकदा प्रत्येक भगिनीने रक्ताची तपासणी करून घ्यावी. तिसरी, पुढच्या जयंतीचे अध्यक्षपद, हिशोबाची वही आणि प्रमुख भाषण भगिनींकडे असावे. त्या दिवशी स्वयंपाक आम्ही पुरुष मंडळी करू. मीठ कमी-जास्त झाले तर क्षमा असावी!

भाषण संपवून आम्ही घरी जाऊ तेव्हा आमचेही कपाट आम्हाला उघडायचे आहे. त्या बाई पसरलेल्या कागदांत आपले नाव शोधत होत्या. आपल्या घरातील कोणत्याही स्त्रीवर ती वेळ येऊ नये, एवढे जरी आपण केले तरी बाबासाहेबांना खरे अभिवादन केल्यासारखे होईल.

 भवतु सब्ब मंगलं! जयभीम!