लेकीच्या ताटात काय?

शिरूर तालुक्यातल्या केंदूरसारख्या जिरायती गावात पाऊस लांबला, मजुरी घटली, की पहिली कात्री ताटाला लागते. रेशनचं धान्य मिळतं, त्यामुळे भाकरी-भात टिकतो. कमी होतात ती डाळ, अंडी, फळं. गोठ्यातलं दूधही डेअरीला जातं, कारण त्याचेच रोख पैसे येतात. त्यात मुली शेवटी जेवणार!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार राज्यात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते, आणि शाळेतलं मोफत जेवण मात्र आठवीनंतर थांबतं.

उत्पन्न एका दिवसात वाढत नाही. पण थोडक्या पैशातही बरंच जमतं. बाजरीच्या भाकरीसोबत मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी द्या. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको. शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर घ्यावी. धाप, थकवा जाणवला तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून उपचार सुरू करा.