एआरटीच्या गोळ्या, सीडी४ आणि लिव्हरची भीती

आजचा एपिसोड सानपाड्यातून. लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, कारण आज एचआयव्हीबद्दल मोकळेपणाने बोलायचंय.

"एआरटीच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, मधूनमधून बंद ठेवलेल्या बऱ्या." हे तुम्हीही ऐकलं असेल. पण गोळ्या अशा बंद करणंच जास्त धोक्याचं आहे. का, ते बघू.

आपल्या रक्तात सीडी४ नावाच्या पेशी असतात. प्रतिकारशक्तीच्या टीमचे कॅप्टन म्हणा ना. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही त्यांच्यातच शिरून वाढतो. आकडा २०० च्या खाली गेला की टीबी, न्यूमोनिया डोकं वर काढतात. एआरटी विषाणूची वाढ रोखते, मग सीडी४ हळूहळू, महिन्यांनी-वर्षांनी वाढतात. उपचार जितके लवकर, तितकी भरपाई चांगली. गोळ्या थांबवल्या की विषाणू परत वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

आता लिव्हर. ही भीती हवेतून आलेली नाही. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हाच्या औषधांत नेविरापिन होतं. त्याने काहींना अंगावर पुरळ यायचं, लिव्हरला सूज यायची. म्हणून पहिले १४ दिवस निम्माच डोस देत. आज बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रावीर, दिवसाला एकच गोळी. तिच्यामुळे लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते.

आणि गंमत बघा, यातली पहिली दोन औषधं हिपॅटायटिस बी वरही चालतात. ज्यांना दोन्ही आजार आहेत, त्यांनी गोळी अचानक सोडली तर बी उसळतो आणि लिव्हरला जबर फटका बसतो. म्हणजे ज्या लिव्हरच्या काळजीने गोळी सोडली, तेच धोक्यात!

लिव्हरचे खरे शत्रू वेगळेच असतात: दारू, उपचार न केलेला हिपॅटायटिस बी किंवा सी, आणि कावीळ झाली की कुणीतरी दिलेला झाडपाला. टीबीच्या औषधांचाही लिव्हरवर ताण येतो, शिवाय रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रावीर दिवसातून दोनदा लागतं. त्यामुळे कुठलंही औषध चालू असेल, अगदी जिमची पावडरसुद्धा, तरी डॉक्टरांना सांगा.

डोळे पिवळे, लघवी गडद, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं? थेट केंद्रात जा, एसजीपीटी तपासा. गोळी बदलायची की थांबवायची, ते डॉक्टर ठरवतील.

सानपाड्याहून एक स्टेशन पुढे, वाशीच्या महापालिका रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. "कुणी ओळखीचं भेटलं तर?" २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ लावा, फुकट आहे.

हा एपिसोड ज्याला उपयोगी पडेल, त्याला गुपचूप पाठवून द्या. भेटू!