दगडावरची नावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. अध्यक्ष म्हणाले, "तू त्या भन्तेजींना लेणी दाखवायला गेला होतास ना, तेच सांग." म्हणून उभा आहे. खरे तर कोणी कोणाला दाखवली, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या पुण्यात थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम अशा देशांतून भिक्खू शिकायला येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा अभ्यास करतात. असेच एक तरुण थाई भन्तेजी आपल्याकडे भोजनदानाला आले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारले, "कार्ले इथून किती लांब?" मी म्हणालो, "साठेक किलोमीटर." "मग तुम्ही दर पौर्णिमेला जात असाल!" आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो.

पुढच्याच रविवारी निघालो. भन्तेजी, माझी आई, वस्तीतली दोन पोरे आणि मी. शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल धरली. देहूरोड आले तसे मी भन्तेजींना सांगितले की, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि ती मूर्ती ब्रह्मदेशातून आली होती. भन्तेजींनी बसल्या जागी हात जोडले. डब्यातले लोक बघत राहिले.

मळवलीला उतरून आधी भाजे गाठले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही लेणी, म्हणजे बावीसशे वर्षांच्या आसपासची. चैत्यात बुद्धमूर्ती नाही, नुसता स्तूप आहे. आई म्हणाली, "भगवान कुठं हायेत?" भन्तेजींनी समजावले की, त्या काळी मूर्ती घडवण्याची रीत नव्हती, स्तूपालाच वंदन करत. पुढे एका ठिकाणी चौदा स्तूप आहेत. ते तिथल्या थेरांचे स्मारक. काहींवर नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी हे त्यातले एक. भन्तेजींनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. आमच्या पोरांना एकही अक्षर कळले नाही, आणि मलाही नाही.

बाराच्या आत भन्तेजींचे भोजन उरकले. नंतर एका भिंतीपाशी ते थांबले. ते देवनागरी शिकत होते. भिंतीवर कोरलेले एक नाव त्यांनी मोठ्याने वाचले आणि मला विचारले, "उपासक, हे कोणते दायक?"

बंधूंनो, ते दायकाचे नाव नव्हते. कोणीतरी सहलीला आलेल्या पोराने खिळ्याने ओरखडलेले होते. मला घाम फुटला. कारण शाळेच्या सहलीत मीही याच डोंगरावर असेच नाव कोरले होते. चाळीस वर्षे हे कोणाला बोललो नव्हतो. तिथे आईसमोर सांगितले. आई काही बोलली नाही. भन्तेजी एवढेच म्हणाले, "त्या लोकांनी आधी दिले, मग नाव लिहिले. तुम्ही नाव आधी लिहिले. आता द्या."

दुपारी कार्ल्याला चढलो. जुन्या लेखांत या जागेचे नाव वलूरक आहे. चैत्यगृह १२४ फूट लांब, रुंदी-उंची सुमारे ४५ फूट, खांब सदतीस. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री अजून टिकून आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे काम पूर्णत्वास नेले, असे लेख सांगतो. पण एकट्या श्रेष्ठीचे हे काम नव्हे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केला. सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्याने दान दिले. यवनांनी खांब दिले. भिक्खुणींचेही दान आहे. भन्तेजी वाचत होते, मी आईला मराठीत सांगत होतो. सुताराचे नाव ऐकून आई म्हणाली, "म्हंजी आपल्यासारखीच माणसं की रं!"

तेव्हा मला आपला विहार आठवला. स्लॅब पडायचा होता तेव्हा आईने आठवड्याची मजुरी दिली होती. कोणी सिमेंटची गोणी दिली, कोणी सुट्टीच्या दिवशी येऊन घमेली उचलली. या स्मरणिकेच्या मागे देणगीदारांची यादी आहे. पाच रुपयांपासून नावे आहेत. ती यादी आणि कार्ल्याचे खांब यांत मला फरक दिसत नाही.

पण नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. दूरदेशीचा विद्यार्थी येऊन आपल्या पूर्वजांचे दान आपल्याला वाचून दाखवतो, ही गोष्ट मला टोचते. म्हणून समितीपुढे दोन सूचना ठेवतो. एक, दरवर्षी थंडीत विहाराची एक सहल भाजे-कार्ल्याला जावी. घरून डबा न्यावा, कचरा परत आणावा. तिथे काही लिहू नये आणि लिहिलेले स्वतः घासून काढायलाही जाऊ नये. ते पुरातत्त्व खात्याचे काम आहे. दोन, रविवारच्या बालवर्गात धम्मलिपी शिकवावी. लिपी शिकलेल्या कोणालाही बोलवा. फळा आणि खडूचा खर्च माझ्याकडे. वर्गात पहिल्या बाकावर मी बसेन.

भन्तेजींनी सांगितले, "आता द्या." माझ्याकडून ही सुरुवात समजा.

नमो बुद्धाय! जयभीम!